कमी धक्क्याची गाडी

पावसाळा सरता सरता बेंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या त्या आडरस्त्यावर, योगीराज नाडगौडा सरांच्या फाटकाबाहेर, दोन गाड्या एकीमागे एक उभ्या राहू लागल्या आणि दूध आणायला निघालेली माणसंसुद्धा जाता जाता थबकू लागली. पुढे असायची ती सरांची डुक्कर फियाट. बुटकी, सायीच्या रंगाची, पाठीला पोक आल्यासारखी गोल, पुढची दारं उलटी उघडणारी. तिच्यामागे मुलाची, अजितची, काळी ऑफ-रोडर. उंच, चौकोनी, छाती काढून उभी, पाठीवर स्टेपनी अडकवलेली. समोरच्या घरातले भीमाचार्य रोज सकाळी पूजेची फुलं तोडताना कंपाउंडवरून ओरडायचे, "काय सर, आजीबाई पुढं नि पैलवान मागं! वरात कुणाची?"

सर हसायचे. हसून आत वळले की चेहरा उतरायचा, कारण दोन्ही गाड्या जिच्यासाठी उभ्या होत्या ती आत, खिडकीपाशी, पलंगावर पडून होती.

कमलाबाईंचा आजार हाडांत उतरला होता. मणके पिठूळ झाले होते. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सरांना आणि अजितला बाजूला बोलावून सांगितलं होतं, "आता औषधांचा छळ नको. त्यांच्या मनात काही असेल तर करू द्या. कुठे जायचं असेल तर लवकर न्या, आणि पाठीला धक्के लागू देऊ नका."

कमलाबाईंच्या मनात एकच होतं. "मला आनेकलला न्या. अक्काला भेटायचंय."

अक्का म्हणजे गंगव्वा, सगळ्यांची गंगाक्का, त्यांची थोरली बहीण. निपाणीहून लग्न होऊन आनेकलला गेली ती तिथलीच झाली. मराठी बोलायची तीही निम्मी कन्नड मिसळून. आता मांडीचं हाड मोडल्यापासून तीही अंथरुणाला खिळलेली होती. कान कधीचेच गेले होते, डोळ्यांना दिसायचं ते सावल्यांइतकं. म्हणजे फोनवर बोलणं नाही, व्हिडिओवर बघणं नाही. कोणी जवळ जाऊन बसलं की गंगाक्का त्याचा हात हातात घ्यायची, त्यावरून बोटं फिरवायची आणि हळूच दाबायची. समोरच्यानं उलट दाबलं की ओळखून नाव सांगायची. हो म्हणायचं असेल तरी हात दाबायचा, एवढीच तिच्याशी बोलायची भाषा उरली होती. दोघी बहिणींना एकमेकींपर्यंत पोचायची हीच एक वाट होती, आणि ती मल्लेश्वरमपासून आनेकलपर्यंत सगळं बेंगळूर ओलांडून जात होती.

"आई, ॲम्ब्युलन्स सांगतो," अजित म्हणाला. "झोपून जाशील, त्रास नाही."

"मेल्यावर सांग. अक्काच्या दारात ती पांढरी गाडी थांबली तर अख्खी गल्ली गोळा होईल. मला उतरवायच्या आधी जागा धुऊन ठेवतील." कमलाबाईंना बोलताना धाप लागायची, पण बोलणं काही बोथट झालं नव्हतं. "मी बसून जाणार. लुगडं नेसून, माणसासारखी."

मग प्रश्न राहिला तो गाडीचा.

"डुक्कर न्यायची," सर म्हणाले. "सीट सोफ्यासारखी आहे. खालचे स्प्रिंगचे पाटे मऊ. आणि दार उलटं उघडतं, म्हणजे सीटकडे पाठ करायची आणि टेकायचं. तिला वाकायला नको, चढायला नको."

"अप्पा, ते पाटे दमलेत आता. रस्त्यात गतिरोधकाचा हंप आला की ती होडीसारखी डुलत राहते. माझी चाकं मोठी आहेत, खड्ड्यावरून तशीच पुढे जातात. खराब रस्त्यासाठीच बनवलीय ती."

"डोंगर चढायला बनवलीय. पेशंट न्यायला नव्हे."

"आणि तुमची कशासाठी बनवली होती? वरातीसाठी?"

"दोघं मिळून मला खांद्यावर घ्या," पलंगावरून आवाज आला. "वाद मिटेल."

सरांनी शाळेत उभी हयात विज्ञान शिकवलं होतं. वर्गात दोन पोरं भांडायला लागली की ते कधी कोणाची बाजू घ्यायचे नाहीत, कोणाला गप्पही करायचे नाहीत. फक्त म्हणायचे, "बघून ठरवू." अजित लहानपणी याच दोन शब्दांवर वाढला होता. काळ्या कापडाखालचा बर्फ आधी वितळतो की पांढऱ्या, मुंग्या गुळाकडे आधी जातात की साखरेकडे, हे बापलेकांनी मागच्या अंगणात पालथं पडून बघितलं होतं. पुढे अजित इंजिनीअर झाला, पुण्याची अंजली सून म्हणून आली, आणि दोघं सर्जापूर रोडच्या एका उंच इमारतीत राहायला गेली. शहर एकच, पण ट्रॅफिकमुळे ते दोन गावांइतकं लांब झालं. फोनवर बोलणं व्हायचं, ते पाऊस आहे का आणि पाणी आलं का एवढ्यापुरतं. आता आईच्या आजारपणामुळे तो घरूनच काम करायची परवानगी घेऊन मल्लेश्वरमला येऊन राहिला होता, आणि बापलेकांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नव्हतं.

"बघून ठरवू," सर म्हणाले. अजितनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि खूप दिवसांनी हसला.

प्रयोग साधा होता. स्वयंपाकघरातला स्टीलचा लोटा काठोकाठ भरायचा, परातीत ठेवायचा आणि ती परात सीटवर, कमलाबाई जिथे बसणार तिथे ठेवायची. मग संपिगे रोडनं अठराव्या क्रॉसपर्यंत जायचं आणि मार्गोसा रोडनं परत यायचं. रस्ता तोच, वेग तोच. परातीत ज्या गाडीत कमी पाणी सांडेल ती कमी धक्क्याची. "धक्का माणसाला बसतो तसाच पाण्याला बसतो," सर म्हणाले. "माणूस ओठ चावून सोसतो. पाणी सोसत नाही, लगेच सांगून टाकतं." अजितनं लोट्याशेजारी आपला फोन ठेवला. त्यात हादऱ्यांची रेघ उमटत जायची.

पहिल्या दिवशी निकाल विचित्र लागला. उखडलेल्या डांबरावर फियाट मऊ चालली, पण हंप ओलांडल्यावर मागचा भाग वरखाली होतच राहिला आणि पाणी तिथे सांडलं. ऑफ-रोडरनं हंप आणि मोठे खड्डे सहज गिळले, पण बारीक खडबडीत रस्त्यावर तिच्यातलं पाणी सारखं थरथरत राहिलं आणि थेंब थेंब काठावरून उतरत गेलं.

"असं का?" सरांनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज वर्गातला झाला होता.

"स्प्रिंग कडक आहेत. पाच माणसं आणि सामान घेऊन दगडातून जायला केल्यात," अजित म्हणाला. "रिकामी असली की त्या दबतच नाहीत."

"शाब्बास. मग दबवायच्या कशा?"

"वजन टाकून!" अजित ओरडला. मागच्या डिकीत वाळूची पोती टाकायची ठरलं. फियाटचे शॉकॲब्झॉर्बर गेले होते, म्हणून ती डुलत होती. ते बदलायचं ठरलं. टायरमधली हवा थोडी कमी करून बघायचं ठरलं. एकदाच बघून निष्कर्ष काढायचा नसतो, निदान तीनदा तरी बघायचं, हा सरांचा जुना नियम होता.

घरी आले की दोघं पलंगापाशी बसून सगळं सांगायचे. कमलाबाई डोळे मिटून ऐकायच्या. "आज कोण जिंकलं?"

"आज तुझ्या माहेरची गाडी," सर सांगायचे, कारण फियाट कमलाबाईंच्या वडिलांनी निपाणीत घेतली होती. तिच्या मागच्या सीटवर दोघी बहिणींनी खिडकीसाठी भांडणं केली होती.

"मग उद्या निघायचं?"

"अगं, पैलवानाला अजून संधी द्यायला हवी. वाळू टाकून बघायचीय. अन्याय नको."

"न्यायाधीशच घरात आहेत म्हटल्यावर," कमलाबाई म्हणायच्या आणि कुशीवर वळायचा प्रयत्न करायच्या. तो प्रयत्न चालू असेपर्यंत खोलीत कोणी बोलायचं नाही.

वाळू आली. पोती एकदा फार झाली, एकदा कमी. फियाटचे शॉकॲब्झॉर्बर कुठेच मिळेनात. अजित जेसी रोडची स्पेअर पार्टची दुकानं पालथी घालून आला. शेवटी एका जुन्या माणसानं दुसऱ्या गाडीचे बसवून देतो म्हणून सांगितलं, पण मधे जोडायचा तुकडा कापून आणायला वेळ मागितला. सर रोज संध्याकाळी त्याला फोन करायचे. पायरीवर बसून कॉफी पीत बापलेक हवेचा दाब, पाट्यांची संख्या, आनेकलच्या वाटेवरचे, चंदापूरजवळचे हंप यांवर बोलत राहायचे. बोलता बोलता हसायचेही. एकदा हसणं जरा मोठ्यानं झालं तेव्हा सरांनी मागे वळून खिडकीकडे पाहिलं. पडदा हलत होता. त्यांना वाटलं, तिलाही बरं वाटत असेल.

अंजली बोलणारी नव्हती. ती आईंचं सगळं करायची, लॅपटॉप घेऊन त्यांच्या पायथ्याशी बसायची. एका दुपारी मात्र ती सरांच्या मागे स्वयंपाकघरात आली.

"अप्पा, सॉरी, पण एक विचारू? डॉक्टर धक्के नकोत म्हणाले तसं लवकर न्या असंही म्हणाले होते ना?"

"हो गं. म्हणून तर घाई चाललीय."

"पण आईंना रोज थोडं थोडं जास्त होतंय. कालपर्यंत उशीला टेकून बसत होत्या. आज नाही बसल्या."

सरांनी लोटा पुसून फळीवर ठेवला. "अर्धवट तयारीनं नेलं आणि वाटेत तिचा मणका मोडला तर? हंपवर किंचाळली तर मी काय करू तिथं, रस्त्याच्या मधोमध? एकदा खात्री होऊ दे. मग नेतो."

अंजली परत कमलाबाईंच्या खोलीत गेली. ती गेल्यावर सर बराच वेळ फळीकडे बघत उभे राहिले. आपण घाबरलोय हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. गाडी ठरली की निघावं लागणार होतं, आणि निघाल्यावर त्या प्रवासाला परतीचं काहीच नव्हतं. आनेकल झालं की कमलाबाईंना मागायला काही उरणार नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अजितनं "अप्पा, शॉकॲब्झॉर्बर आले!" म्हणून हाक मारली आणि ते कळलेलं त्यांनी बाजूला ठेवून दिलं.

ते बसवून झाले तो खंडेनवमीच्या आदला दिवस होता. संध्याकाळी एक फेरी झाली. परातीत जेमतेम तळ ओला झाला होता. असा निकाल आधी कधीच आला नव्हता. पण फेरी एकच झाली होती.

खंडेनवमीला सकाळी सगळ्या रस्त्यावर गाड्या धुवायची धांदल उडाली. कोहळे, लिंबं, झेंडूची तोरणं, केळीचे खुंट. भीमाचार्य स्वतःच्या स्कूटरला विभूतीचे पट्टे ओढत होते. अजितनं दोन्ही गाड्या धुतल्या. सरांनी दोन्हींच्या कपाळावर विभूती आणि कुंकू लावलं, हार घातले, समोर उदबत्ती लावली. घरातला स्क्रूड्रायव्हर, विळी, अजितचा लॅपटॉप, सगळ्याला फूल वाहिलं.

आत आले तेव्हा कमलाबाई बसलेल्या होत्या.

पाठीशी उशा, केस विंचरलेले, हिरवं इरकल लुगडं नेसलेलं. अंजली त्यांच्या कुंकवाची टिकली सरळ करत होती. नव्या औषधाच्या पट्टीनं की कशानं कोण जाणे, चेहऱ्यावरचा ताण उतरला होता.

"अहो, आज मला बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "आज जाऊया."

सर दारातच थांबले. त्यांनी अजितकडे पाहिलं. अजितनं त्यांच्याकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच होतं: फेरी एकच झालीय.

"आज खंडेनवमी," सर म्हणाले. "आत्ताच फुलं वाहिली. एकदा पूजा झाली की आज त्यांना विसावा. आपल्या घरात कोणी आज अवजाराला हात लावत नाही."

कमलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही कधीपासून असलं पाळायला लागलात? ग्रहणात पोरांना शाळेच्या पटांगणात बसवून चिवडा खाऊ घालायचात तुम्ही. आया भांडायला आल्या होत्या घरी."

"ते वेगळं. उद्या दसरा आहे, कमल. चांगला दिवस. उद्या सकाळी रस्ता मोकळा असेल. डुक्कर आता लोण्यासारखी चालतेय, तुला कळणारही नाही."

"मला कळलं तरी चालेल हो."

"आई, एकच दिवस," अजित म्हणाला.

त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग शेजारणीला सांगावं तशा सहज म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. उद्या तर उद्या." लुगडं मात्र सोडू दिलं नाही. दुपारपर्यंत तशाच बसून खिडकीतून गाड्यांकडे बघत होत्या. मग अंजलीनं त्यांना आडवं केलं.

दसऱ्याला उजाडता उजाडता बापलेक बाहेर पडले. उरलेल्या दोन फेऱ्या करून घ्यायच्या आणि मग लगेच निघायचं, असं ठरलं होतं. रस्ते रिकामे होते, हवेत गारवा होता. डांबरावर काल फोडलेल्या कोहळ्यांचे तुकडे पडले होते. अजित ते चुकवत गाडी चालवत होता आणि सर मागे वळून लोट्याकडे बघत होते. पाणी काठापाशी नुसतं हलत होतं. संपिगे रोडच्या हंपवर फियाट वर गेली, खाली आली आणि स्थिरावली. एकदाही डुलली नाही. "अप्पा!" अजित म्हणाला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अजित लहान असताना ठेवायचे तसा.

दुसरी फेरीही तशीच झाली.

परात हातात घेऊन सर जवळजवळ धावतच आत आले. "कमल, तुझ्या माहेरची जिंकली. बघ, थेंबसुद्धा..."

अंजली पलंगाच्या कडेला बसली होती. तिनं मान वर केली. "कुठे होतात तुम्ही?" ती म्हणाली. "मी दोघांनाही किती फोन केले."

अजितचा फोन, आवाज बंद केलेला, हादऱ्यांची रेघ काढत सीटवर पडलेला होता. सरांचा घरातच राहिला होता.

कमलाबाईंचे डोळे अर्धे उघडे होते. सरांनी हाक मारली तेव्हा ते त्यांच्या दिशेनं वळले आणि त्यांच्यापाशी न थांबता पुढे गेले. ओठ हलले. काय म्हणाल्या ते कळलं नाही. लुगड्याचा पदर अजून खांद्यावर होता.

त्या दिवशी नर्स आली. कळ वाढलीय म्हणून औषध वाढवलं, आणि औषध वाढलं तशी झोप वाढत गेली. डॉक्टर फोनवर म्हणाले, आता त्यांना गाडीत बसवायचा विचार सोडा. सरांनी "बसवायचा" हा शब्द मनात धरून ठेवला, जणू झोपवून न्यायची वाट त्यात अजून उघडी होती. ते दोन दिवस पलंगापाशी बसून राहिले. मधेमधे कमलाबाई शुद्धीवर आल्यासारख्या व्हायच्या, कोणाचा तरी हात शोधायच्या, आणि सरांनी हात दिला की सोडून द्यायच्या.

बाहेर दोन्ही गाड्यांवरचे हार वाळून काळे पडले. भीमाचार्यांनी आता ओरडून काही विचारणं सोडलं होतं.

"तिला माहीत होतं का गं?" सरांनी अंजलीला विचारलं. "आम्ही उगाच लांबवतोय म्हणून?"

अंजली कपडे घडी करत होती. सांगावं की नाही याचा तिनं विचार केला असावा. "मी एकदा म्हटलं होतं त्यांना, मी बोलते अप्पांशी, जबरदस्ती काढते गाडी. तर म्हणाल्या, राहू दे गं. किती वर्षांनी दोघं एकत्र खेळतायत. खेळू दे." तिनं घडी पुन्हा उलगडली. "आणि मग खूप रडल्या. पण तेही तुम्हाला सांगायचं नाही म्हणाल्या."

अजित दारात उभा होता. त्यानंही ऐकलं होतं. तो तिथूनच वळला आणि त्यानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. सरांनी त्याला अडवलं नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये सर कमलाबाईंच्या डोक्याशी बसले. अजित पुढे, ड्रायव्हरशेजारी. सिल्क बोर्डच्या चौकात गर्दीत अडकले, मग होसूर रोडला लागले. चंदापूरला वळल्यावर रस्ता उखडलेला होता आणि ड्रायव्हरला घाई होती. प्रत्येक हंपवर गाडी उडून आपटायची. वरची सलाइनची बाटली खणखणायची, स्ट्रेचर जागच्या जागी उसळायचं. इतकी धक्क्याची गाडी सरांनी आयुष्यात बघितली नव्हती. हिच्यात लोटा ठेवला असता तर पहिल्याच वळणावर रिकामा झाला असता. ते कमलाबाईंच्या चेहऱ्यावर डोळे लावून बसले होते. कपाळावर आठी पडते का, ओठ आवळले जातात का. एकाही हंपला काहीच झालं नाही. मान तेवढी डावीकडून उजवीकडे हलायची आणि परत यायची. हिनं एकदा किंचाळावं, असं सरांना वाटलं; आणि असं वाटलं याची त्यांना भीती वाटली.

आनेकलच्या गल्लीत गाडी शिरताच घराघरातून माणसं बाहेर आली. गंगाक्काचा मुलगा शिवाप्पा फॅक्टरीतून रजा घेऊन दारात थांबला होता. गर्दी बघून तो कन्नडमध्ये ओरडला, लोक थोडे मागे सरले. कोणीतरी बाईनं पदर तोंडाला लावला. "चिक्कप्पा, असं आणायची वेळ आली?" शिवाप्पा सरांना म्हणाला. मावशीला चिक्कम्मा आणि तिच्या नवऱ्याला चिक्कप्पा, असंच तो म्हणायचा. मग त्यानंच स्ट्रेचरची पुढची बाजू धरली.

गंगाक्काची खोली लहान होती. स्ट्रेचर तिच्या खाटेच्या बाजूला ठेवलं तेव्हा मधे सरांना बसायला स्टुलापुरती जागा उरली. गंगाक्का उताणी पडली होती, डोळे छताकडे. कोणीतरी आलंय हे तिला हवेच्या हालचालीवरून कळलं असावं. तिनं हात पुढे केला.

सरांनी कमलाबाईंचा हात उचलून त्या हातात ठेवला.

गंगाक्काची बोटं फिरू लागली. मनगटावरून वर, परत खाली, बोटांच्या पेरांवर. बांगड्या सुईसाठी काढल्या होत्या, तिथे ती अडखळली. हात सुजला होता. तिनं हळूच दाबला आणि वाट पाहिली.

पुन्हा दाबला.

"कोण?" बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात तिनं विचारलं. "शिवा, कुणाला आणलंयस रे? हात गार आहे हिचा."

शिवाप्पा वाकून तिच्या कानाशी ओरडला, "अव्वा, चिक्कम्मा! कमलाचिक्कम्मा!" बाहेरच्या लोकांना ऐकू गेलं. तिला नाही.

सरांनी हात काढू दिला नाही. कमलाबाईंची बोटं आपल्या बोटांनी मिटवून त्यांनी गंगाक्काच्या तळव्यावर ठेवली. गंगाक्कानं थोडा वेळ ती तशी राहू दिली. मग परक्या बाईचा हात बाजूला करावा तसा तो अलगद उचलून खाटेच्या कडेला ठेवला आणि स्वतःचा हात पदराला पुसला.

"मावशी," अजित म्हणाला. आणि तो बाहेर गेला.

सर स्टुलावर बसून होते. एका हातात कमलाबाईंचा हात होता. दुसरा त्यांनी नुसता गंगाक्काच्या खाटेवर टेकवला होता, आधाराला. तो तिच्या बोटांना लागला. तिनं तो धरला, चाचपला, बोटांवरचे खडूनं कायमचे राठ झालेले ठिपके ओळखले असावेत. दाबला. सरांच्या हातानं, त्यांना विचारल्याशिवाय, उलट दाबला.

"योगीराज!" गंगाक्काचा चेहरा उजळला. "तुम्ही होय? केव्हा आलात? एकटेच आलात?"

हजार पोरांना हजार गोष्टी समजावून दिलेल्या माणसाला हे कोणत्या बोटानं सांगायचं ते कळेना. त्यांच्या डाव्या हातातला हात निपचित पडला होता. उजव्या हातातला हात उत्तराची वाट बघत होता.

"कमळीला नाही आणलंत," गंगाक्का म्हणाली. "बरी नाही का ती, म्हणून विचारलं तर शिवानं हात दाबला होता. स्वल्प बरं वाटलं की आणा हं तिला. मी काय, इथंच आहे. आणाल ना?"

आणि ती थांबली. उत्तरासाठी तिनं त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता.

सरांनी तो दाबला.